हलकंफुलकं आहे म्हणे!

गेल्या दिवाळीनंतर काकांचा फोन आला. "आपल्या घरावर कुणीतरी लिहिलंय म्हणतात रे. दिवाळी अंकात. मिळाला तर वाचून दाखव."

अंक मिळाला, लेखही मिळाला. शीर्षकाच्या वर छोट्या अक्षरात छापलं होतं, 'हलकंफुलकं प्रवासवर्णन'.

आमचं घर हेदवीत. तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी. बाहेरची माणसं आमच्याकडे दोन गोष्टींसाठी येतात, दशभुज गणपतीचं देऊळ आणि बामणघळ. बामणघळ म्हणजे समुद्राकाठच्या काळ्या कातळात पडलेली अरुंद, खोल चीर. भरतीचं पाणी तिच्यात घुसलं की कोंडतं, घुमतं आणि उंच फवारा होऊन वर येतं. काकांनी घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या बांधल्या आहेत. पाहुणे राहतात, काकू जेवायला घालते. लेखक महाशय पौषात येऊन तीन रात्री राहून गेले होते.

लेख वाचताना सुरुवातीला मी हसलो. एसटीच्या वळणांचं वर्णन झकास होतं. 'पुरे' म्हटलं की काकू आणखी वाढते हे अगदी खरं होतं. मग बामणघळीचा भाग आला. ती कधी बघायला जावी असं लेखकांनी काकांना विचारलं. पहिल्या दिवशी काका म्हणाले पावणेदहा. दुसऱ्या दिवशी म्हणाले साडेदहा. तिसऱ्या दिवशी सव्वाअकरा. या तीन उत्तरांवर लेखकांनी जवळजवळ पानभर मजकूर काढला होता. कोकणी माणसाचं घड्याळ कसं रबरी असतं, कोकणात वेळ ही वस्तू कशी अंदाजाने वापरतात, वगैरे. चतुर्दशीला काकांचा नाद सोडून ते स्वतःच्या सोयीने दुपारी चारला गेले आणि कोरडी चीर बघून परत आले. गावाचं मुख्य आकर्षण म्हणजे एक भेग, तिथे काही घडत नाही, आणि ते नेमकं किती वाजता घडत नाही हेही गावाला सांगता येत नाही, असा त्या भागाचा शेवट होता.

काकांना मी फोनवरच वाचून दाखवलं. एसटीला ते हसले, काकूच्या वाढण्याला तर खो खो हसले. या भागापाशी गप्प झाले. मग म्हणाले, "त्रयोदशी, चतुर्दशी, पौर्णिमा. बरोबरच तर सांगितलं होतं मी."

तिथीची पाऊणपट. आमच्या किनाऱ्यावर हा हिशोब पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची ढोबळ वेळ. त्रयोदशी म्हणजे तेरा, तेराची पाऊणपट पावणेदहा. चतुर्दशीला साडेदहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. चंद्र रोज थोडा पुढे सरकतो म्हणून भरतीही रोज साधारण पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे जाते. भरतीनंतर सहा तासांच्या आसपास ओहोटी. म्हणजे चतुर्दशीला दुपारी चारला बामणघळीत पाणी शोधायला गेलेला माणूस फक्त कातळच बघणार.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. माझ्या भाषेत सांगायचं तर काका तीन दिवस एकच सूत्र चालवत होते, फक्त रोज आत जाणारा आकडा बदलत होता. लेखकांनी तीन वेगळी उत्तरं बघितली आणि 'बग आहे' म्हणून जाहीर करून टाकलं. "वेळ रोज का बदलते हो?" हा पाच शब्दांचा प्रश्न त्यांनी विचारला असता, तर काकांनी पंचांग काढून अर्धा तास समजावलं असतं. आणि लेखाला त्याहून चांगला, त्याहून गमतीदार परिच्छेद मिळाला असता.

माझा मुद्दा एवढाच आहे, आणि तो लेखकांपेक्षा वाचकांशी जास्त आहे. हलक्याफुलक्या प्रवासवर्णनांबद्दल आपण वाचक म्हणून जी मतं देतो, ती सगळी प्रवाशाच्या खुर्चीत बसून दिलेली असतात. त्या गावच्या ओट्यावर बसून कुणीच वाचत नाही.

*

पुण्यात आमचा सात-आठ जणांचा वाचनकट्टा आहे. महिन्याला एक पुस्तक वाचतो आणि भेटून भांडतो. योगायोगाने त्या महिन्यात जेराल्ड ड्यूरेलचं 'माय फॅमिली अँड अदर ॲनिमल्स' होतं. १९५६ सालचं पुस्तक. इंग्लंडच्या पावसाला कंटाळलेलं एक कुटुंब १९३५ साली भूमध्य समुद्रातल्या कोर्फू नावाच्या ग्रीक बेटावर राहायला जातं. धाकटा जेरी दहा वर्षांचा. घर किड्यामुंग्यांनी, विंचवांनी आणि विक्षिप्त पाहुण्यांनी भरतं. प्रवासातल्या गमतीजमती लिहिणाऱ्या अनेकांचं ते कुलदैवत आहे.

कट्ट्यावर मतं पडली ती अशी. एक मैत्रीण म्हणाली, "वाचून तिकीट काढावंसं वाटलं." दुसरा म्हणाला, "गोष्ट कुठेय यात? काही घडतच नाही." तिसऱ्याने इंटरनेटवरून शोधून आणलं होतं की लेखक थापा मारतो. पुस्तकात मोठा भाऊ लॅरी सगळ्यांसोबत राहतो, प्रत्यक्षात तो बायकोबरोबर वेगळा राहायचा आणि ती बायको पुस्तकात औषधालाही नाही. हे खरंच आहे. चौथीचं मत, ही गोऱ्या साहेबाची नजर आहे, आजच्या काळात असलं वाचूच नये. पाचवा म्हणाला, "हल्ली यूट्यूबवर अख्खं बेट दिसतं. प्रवासवर्णन हा प्रकारच संपलाय."

मग मी काकांचा किस्सा सांगितला. सगळे हसले. आणि सहावं मत आलं, ज्याच्यासाठी हा लेख लिहितोय. "अरे, हलकंफुलकं आहे ते. कशाला एवढं मनावर घेतोस?"

हे वाक्य मराठी वाचकाच्या खिशात कायम असतं. पुस्तकावर, लेखावर, रीलवर कुणी जरा बोट ठेवलं की ते बाहेर निघतं. ते ऐकायला समंजस वाटतं, पण त्याच्या पोटात तीन लबाड्या आहेत.

पहिली लबाडी अशी की हलकं म्हणजे तपासायची गरज नसलेलं. हे उलटं आहे. गंभीर ग्रंथात चूक असली तर दहा अभ्यासक तिच्या मागे लागतात. विनोदातली चूक कुणी तपासत नाही, ती हसत हसत डोक्यात जाऊन बसते. 'कोकणी माणूस वेळेच्या बाबतीत ढिला' हे तुम्हाला कुणी आकडेवारीने सांगितलं तर तुम्ही पुरावा मागाल. विनोदाने सांगितलं तर टाळी द्याल.

दुसरी लबाडी, ज्याला लागलं त्याला विनोद कळत नाही असं सुचवण्याची. काकांना विनोद कळतो, काकूच्या वाढण्यावर ते माझ्या आधी हसले. काकू खरंच तसं वाढते, म्हणून ती गंमत खरी होती. वेळेचा विनोद त्यांना लागला कारण तो चुकीचा होता. खोटा हिशोब दाखवला तर वाण्यालाही राग येतो, त्याला आपण 'तुला गणितातली गंमत कळत नाही' म्हणत नाही.

तिसरी लबाडी सर्वांत मोठी. 'मनावर घेऊ नकोस' हे नेहमी तो सांगतो ज्याचं नाव त्या लेखात नसतं.

आणि नुकसान काही झालं नाही असंही नाही. लेख आल्यावर पाहुण्यांची एक नवी जात आमच्याकडे यायला लागली. "काका, ते वेळेचं सांगा ना," असं म्हणून मोबाइल समोर धरणारी. गेल्या मे महिन्यात दोन तरुण आले. काका म्हणाले, "उद्या पौर्णिमा, उधाण असेल, भरतीच्या वेळी कडेला उभे राहू नका, वरच्या अंगाने बघा." ते दोघं एकमेकांकडे बघून हसले. लेख वाचून आले होते. या म्हाताऱ्याचं वेळेचं बोलणं म्हणजे गंमत, असं त्यांना छापील माहीत होतं. दुसऱ्या दिवशी ऐन भरतीत ते अगदी काठावर जाऊन उभे राहिले. लाटेने एकाला कातळावर आपटलं. कोपर, गुडघे सोलवटले, मोबाइल पाण्यात गेला. थोडक्यात निभावलं. काकूने हळद लावली. काकांनी त्या दिवसापासून वेळ सांगणं कमी केलंय. विचारलं तर म्हणतात, "बघा, तुमच्या सोयीने जा."

पंचांग घेऊन समजावणारा माणूस 'बघा, तुमच्या सोयीने' म्हणायला लागतो, तेव्हा विनोदाने काय केलं हे मोजायला मला आणखी काही लागत नाही.

*

आता तुम्ही म्हणाल, कोकणी माणसाला चेष्टा सोसत नाही. मग पुलंचं काय करायचं?

आमच्या घरात पुलं देवघराच्या खालोखाल आहेत. 'अंतू बर्वा' काकांना जवळपास पाठ आहे. रत्नागिरीच्या मधल्या आळीतला तो तिरकस म्हातारा ज्या 'व्यक्ती आणि वल्ली'त भेटतो, त्या पुस्तकाला १९६५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यात कोकणी माणसाची चेष्टा नाही असं कोण म्हणेल? तरी रत्नागिरी जिल्ह्यात अंतू कुणाला लागत नाही. कारण साधं आहे. त्या लेखात हशे अंतू घेतो. लेखक समोर बसून ऐकतो, बऱ्याचदा स्वतःच अंतूच्या तडाख्यात सापडतो. विलायतेला निघालेल्या लेखकाला कोहिनूर बघून यायला सांगणारा अंतूच. गावात वीज येणार म्हटल्यावर उजेडात बघायचं काय, आपलं दारिद्र्यच ना, असा सवाल टाकणाराही तोच. अंतू बोलतो तेव्हा आपण हसतो, आणि हसता हसता कळतं की हा माणूस एकटा आहे, गरीब आहे आणि आपल्यापेक्षा हुशार आहे.

त्याच विलायतेच्या प्रवासावर पुलंनी 'अपूर्वाई' लिहिलं. बीबीसीत टेलिव्हिजनचं शिक्षण घ्यायला ते गेले होते. 'किर्लोस्कर' मासिकातून ते आधी क्रमाक्रमाने आलं, १९६० साली पुस्तक झालं, सोबत शि. द. फडणिसांची चित्रं. आजच्या वाचकांची त्याबद्दलची दोन मतं मी नेहमी ऐकतो. जुनी पिढी म्हणते, असं पुन्हा होणे नाही. माझ्या वयाचे म्हणतात, जुनं झालं, आता कोण लंडनला जात नाही? दोन्ही मतं लंडनबद्दल आहेत, पुस्तकाबद्दल नाहीत. 'अपूर्वाई'त सर्वांत जास्त हसं होतं ते पुलंचं स्वतःचं. बिचकलेला, बावरलेला, प्रत्येक गोष्टीला भुलणारा प्रवासी हेच त्यातलं मुख्य विनोदी पात्र आहे. लंडन जुनं झालं तरी तो प्रवासी जुना होत नाही, कारण पहिल्यांदा विमानतळावर उभे राहिलेले आपण सगळे तेच असतो.

पण पुलंच्या वाचकांबद्दल माझी तक्रार आहे. आपण अंतूचा उपहास घेतला आणि त्याचं दारिद्र्य पुस्तकातच ठेवून आलो. आता कोकणात येणाऱ्या प्रत्येक तिसऱ्या पाहुण्याला एक अंतू हवा असतो. ओट्यावर बसलेला, तिरकं बोलणारा, फुकट मनोरंजन करणारा. काका सरळ स्वभावाचे आहेत. ते सरळ बोलले तर पाहुण्यांचा हिरमोड होतो आणि मग सरळ उत्तरातूनच ते 'वल्ली' काढतात. पुलंनी एक माणूस बघितला होता. त्यांच्या वाचकांनी त्याचा साचा केला आणि आमच्या गावागावात तो ठेवून दिला. हा दोष पुलंचा नाही. पुढचा प्रश्न न विचारणाऱ्या वाचकाचा आहे.

*

कोर्फूकडे परत येतो, कारण तिथेही कट्ट्यावरची मतं अशीच बाजूने निघून गेली.

लॅरीची बायको गायब आहे यावर आम्ही पाऊण तास घालवला. पण स्पिरोबद्दल कुणी बोललं नाही. स्पिरो हा कोर्फूचा टॅक्सीवाला, अमेरिकेत राहून आलेला. तो प्रत्येक इंग्रजी शब्दाला शेवटी 'स' जोडून बोलतो आणि वाचक त्यावर हमखास हसतो. पण हाच स्पिरो या परक्या कुटुंबाला घर शोधून देतो, कस्टमवाल्यांशी भांडतो, त्यांच्या अडचणी निस्तरतो. तो नसता तर ड्यूरेल कुटुंब महिन्याभरात परत गेलं असतं. पुस्तकाला हे माहीत आहे आणि ते स्पिरोला मोठा करतं. वाचकाला मात्र फक्त 'स' लक्षात राहतो.

आणि दहा वर्षांचा जेरी एक गोष्ट करतो, जी आमच्या पाहुण्या लेखकांनी केली नाही. तो पुढचा प्रश्न विचारतो. भिंतीतल्या विंचवाला बघून तो किंचाळत नाही, त्याच्यासमोर तासन्‌तास बसतो. यानी नावाच्या मेंढपाळाकडून विंचवांबद्दल ऐकून घेतो. डॉ. थिओडोर स्टेफानिडीस नावाचे, खरोखरच होऊन गेलेले डॉक्टर आणि निसर्गअभ्यासक त्याला मोठ्या माणसासारखं वागवतात आणि हा त्यांच्यामागे प्रश्न विचारत फिरतो. ते पुस्तक हलकं आहे, कारण त्या मुलाने भरपूर बघितलंय. न बघता लिहिलेलं हलकं आणि बघून लिहिलेलं हलकं यातला फरक जिभेला लगेच कळतो, सोलकढी आणि नुसतं गुलाबी पाणी यातला कळतो तसा.

म्हणून 'वाचूच नये' हे मतही मला पटत नाही. त्या मैत्रिणीने पुस्तक मिटवलं आणि कोर्फूच्या लोकांना पीडित ठरवून टाकलं, पण त्यांना काही विचारलं तिनेही नाही. काकांना पीडित व्हायचं नव्हतं. त्यांना आपली वेळ बरोबर छापून यायला हवी होती. कोर्फूवर १८१५ ते १८६४ ब्रिटिशांचा अंमल होता, म्हणून त्या ग्रीक बेटावर आजही क्रिकेट खेळतात. ड्यूरेल कुटुंब १९३९ मध्ये निघून गेलं. १९४३ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात शहराचा मोठा भाग जळाला. १९४४ च्या जूनमध्ये तिथल्या जवळपास दोन हजार ज्यूंना पकडून आउश्वित्झला नेलं. हे सगळं त्या पुस्तकात यायला हवं होतं असं मी म्हणत नाही, ते एका मुलाच्या आठवणींचं पुस्तक आहे. पण 'तिकीट काढावंसं वाटलं' म्हणणाऱ्याने पुस्तक संपल्यावर एवढं तरी शोधावं. आणि 'यूट्यूबवर सगळं दिसतं' म्हणणाऱ्याला मी एवढंच सांगेन की व्हिडिओत बामणघळीचा फवारा दिसतो, तिथी दिसत नाही. ती कुणाला तरी विचारावी लागते.

*

आता माझ्यावर येतो, नाहीतर हा लेखही खुर्चीतूनच लिहिल्यासारखा होईल.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये कंपनीच्या कामासाठी मी तीन आठवडे माल्टाला होतो. तेही भूमध्य समुद्रातलंच बेट, सगळा देश मिळून ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात मावेल एवढा. रोज रात्री मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रवासवर्णन टाकायचो. हलकंफुलकं. त्यात माझं आवडतं पात्र होतं राहत्या जागेखालचा दुकानदार. तो दुपारी एकला शटर पाडायचा ते चारला उघडायचा. त्याच्यावर मी चार दिवस विनोद केले. युरोपातले आळशी, यांना धंदा नको, ग्राहक दारात आणि मालक पलंगावर. ग्रुपवर हसणारे चेहरे पडत होते. मी खूष होतो.

पाचव्या दिवशी काकांचा मेसेज आला. "दुपारी ऊन किती असतं रे तिथे?"

बस, एवढंच. मी बाहेर बघितलं. पिवळ्या चुनखडीच्या भिंती तापून पांढऱ्या दिसत होत्या, रस्त्यावर मांजरही नव्हतं. हेदवीत दुपारी एक ते चार कोण दुकान उघडं ठेवतं? आमच्याकडे तिला वामकुक्षी म्हणतात आणि ती आरोग्याला चांगली असते. दुसऱ्या दिवशी मी दुकानदाराला विचारलं. तो पहाटे पाचला दुकान उघडत होता आणि रात्री आठपर्यंत बसत होता. माझ्यापेक्षा जास्त तास. त्याचे दोन चुलते ऑस्ट्रेलियात होते. दुसऱ्या महायुद्धानंतर माल्टातून माणसं बोटी भरभरून तिकडे गेली. आता ती उन्हाळ्यात, गावच्या संताच्या उत्सवाला, आतषबाजी बघायला परत येतात. मी त्याला शिमग्याला आणि गणपतीला येणाऱ्या मुंबईकर चाकरमान्यांबद्दल सांगितलं. त्याने मला गोझो बेटावरच्या दगडी कमानीचा फोटो दाखवला. समुद्राने कोरलेली ती प्रचंड कमान २०१७ च्या मार्चमध्ये वादळात कोसळली. फोटो त्याच्या गल्ल्याच्या वर लावलेला होता, घरातल्या गेलेल्या माणसाचा लावतात तसा. मी त्याला मोबाइलवर बामणघळ दाखवली. त्याने विचारलं, "पाणी कधी येतं?"

त्याने पहिला प्रश्न तोच विचारला. समुद्राकाठचा माणूस होता.

त्या चार दिवसांचे विनोद मी ग्रुपवरून काढून टाकले नाहीत. राहू दिलेत. फक्त त्यांच्याखाली काकांचा प्रश्न आहे, आणि तो माझ्या सगळ्या विनोदांपेक्षा चांगला विनोद आहे.

म्हणून पुढच्या वेळी एखादं प्रवासवर्णन वाचून मत द्याल, तेव्हा 'मस्त', 'बोअर', 'जुनं', 'आक्षेपार्ह' यांच्या आधी एक साधी गोष्ट तपासा. त्या गावच्या एका तरी माणसाला लेखकाने 'का?' असं विचारलंय का? विचारलं असेल तर मग खुशाल चेष्टा करू दे, आम्हीही हसू. विचारलं नसेल तर ते पुस्तक हलकं नाही, पोकळ आहे. आणि तरीही कुणाला हसायचंच असेल तर हसा, पण दुखावलेल्या माणसाला 'मनावर घेऊ नकोस' एवढं सांगू नका.

लेखक महाशय हे वाचत असतील तर काकांचा निरोप आहे. राग नाही. परत या. पौर्णिमा किंवा अमावास्या धरून या, उधाण चांगलं असतं. वेळ इथे आल्यावर सांगतील. मात्र तुम्हाला आधी विचारावं लागेल.